मोडीचा दागिना घेताना: आधी बघा, तो कुणी कशासाठी घातला होता

मोडीचा दागिना काट्यावर ठेवला की एक आकडा उमटतो आणि नवख्या माणसाला वाटतं, एवढं सोनं आलं. त्या आकड्यात सोनं असतं, त्यात मिसळलेलं तांबं आणि चांदी असते, जोडांवरचा डाख, म्हणजे जोड पक्का करायला वितळवून लावलेला धातू, असतो, पोकळीत भरलेली लाख असते, हुकातली पोलादी स्प्रिंग असते, खड्यांच्या खाली साचलेला साबणाचा मळ असतो. क्वचित कुणाच्या केसांची बटसुद्धा असते. मोड घेणाऱ्याचं निम्मं काम वजाबाकीचं आहे. काय वजा करायचं हे ओळखायला ॲसिडच्या बाटलीइतकाच एक प्रश्न कामी येतो: हा दागिना घालणाऱ्याने कशासाठी घातला असेल?

प्रश्न हळवा वाटेल, पण तो पूर्ण धंद्याचा आहे. धातू कुठे भरीव ठेवायचा आणि कुठे वाचवायचा हे दागिना घडवणारा घालणाऱ्याच्या गरजेवरून ठरवतो.

माणसं का नटतात

मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत भोकं पाडलेले शिंपल्यांचे मणी सापडले. त्यांचं वय 1,42,000 ते 1,50,000 वर्षं निघालं. शेतीचा पत्ता नव्हता, चाक नव्हतं, मडकं नव्हतं, पण मणी होते. तेव्हा 'पोट भरल्यावर सुचतात ते दागिने' ही समजूत मागे ठेवायला हरकत नाही. ओळखीच्या माणसाला दागिन्याने नवं काही कळत नाही. तो बोलतो अनोळखी माणसाशी, आणि दुरून: मी अमक्यांपैकी आहे, माझं लग्न झालंय, माझ्याकडे बऱ्यापैकी आहे, माझ्या वाटेला जाऊ नका.

बल्गेरियातल्या वार्ना इथे 1972 मध्ये एक दफनभूमी उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे 4500 वर्षांच्या आसपासची. एका पुरुषाच्या कबरीत दीड किलोच्या घरात सोनं होतं. त्यातल्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर सोन्याचं आवरण होतं. दांडा सोन्याचा नाही, वरचं कवच सोन्याचं. थोड्या धातूत मोठा पृष्ठभाग झळकवायचा, ही युक्ती सोन्याच्या कामाइतकीच जुनी आहे. मोडीच्या टेबलावर आजही तुमची गाठ तिच्याशीच पडते.

मी मनाशी चार खण करून ठेवलेत.

दिसण्यासाठी घातलेला दागिना आकाराने मोठा आणि हातात घेतला की हलका लागतो. पातळ पत्रा, आत हवा किंवा लाख. हार, मोठी कानातली, रुंद कडी बहुधा याच खणात पडतात.

पुंजी म्हणून अंगावर ठेवलेला दागिना उलटा असतो. भरीव, नक्षी कमी, कस चढा. अडीअडचणीला विकायचा हे घेतानाच मनात असतं, म्हणून वाया जाईल अशी कलाकुसर त्यात नसते. मोडीसाठी सर्वांत सरळ माल हाच. फसवणारे खोटा मालही याच रूपात आणतात, हे मात्र विसरू नका.

आठवणीचा दागिना: लॉकेट, नाव कोरलेली अंगठी, दुखवट्याचा ब्रोच. धातू थोडा आणि इतर ऐवज जास्त. ब्रिटनमध्ये 1861 साली प्रिन्स अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने उरलेलं आयुष्य काळ्या कपड्यांत काढलं आणि दुखवट्याच्या काळ्या दागिन्यांना मोठी मागणी आली. त्यातले बरेच जेटचे, म्हणजे लाकूड लाखो वर्षं दबून झालेल्या काळ्या दगडाचे. जेट वजनाला हलका आणि स्पर्शाला उबदार असतो, काळी काच गार लागते. असा तुकडा 'हे काही धातू नाही' म्हणून कचऱ्यात टाकणारे मी पाहिलेत, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो.

चौथा खण राखणीचा: ताईत, दृष्ट लागू नये म्हणून घातलेलं काही, कडी-डबीत बंद केलेला कागद. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. अशी वस्तू विचारल्याशिवाय उघडायची नाही, आणि उघडली तर आतलं परत द्यायचं.

सामान

शून्य दशांश शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि त्याचं प्रमाणित वजन. कामाला बसण्याआधी रोज ते वजन ठेवून बघा. दहापट भिंग. चांगलं ताकदवान चुंबक. कसोटीचा काळा दगड, वेगवेगळ्या कसांच्या माहीत असलेल्या सोन्याच्या सुया, कसानुसार ॲसिडच्या बाटल्या. बारीक त्रिकोणी कानस. पाण्याचा पेला आणि दोरा. हातमोजे, चष्मा, जवळ खाण्याच्या सोड्याची वाटी: ॲसिड सांडलं तर त्यावर सोडा टाकायचा. काम उघड्या खिडकीपाशी. आणि एक वही.

क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र परवडत असेल तर अवश्य घ्या, पण त्याच्यापुढे हात टेकू नका. ते दागिन्याचा वरचा, मायक्रॉनमध्ये मोजावा इतकाच थर वाचतो. जाड मुलाम्याखाली काय आहे हे त्याला दिसेलच असं नाही.

पायरी पहिली: नुसतं बघा

घाई याच पायरीला होते, आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात. भिंगाखाली घासलेल्या जागा शोधा: अंगठीची आतली खालची बाजू, साखळीच्या कड्या एकमेकींना घासतात ती जागा, कानातल्याची दांडी. मुलामा असेल तर तिथे खालचा लालसर किंवा पांढुरका रंग डोकावतो. नखाएवढ्या हुकावर सोन्याचा शिक्का आणि साखळी पितळेची, हा प्रकार फार जुना आहे. शिक्का ज्या भागावर आहे तेवढ्याचीच ग्वाही देतो.

शिक्के वाचायला शिका. कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले शुद्ध सोन्याचे भाग. 22 कॅरेट म्हणजे 916, 18 म्हणजे 750, 14 म्हणजे 585, 9 म्हणजे 375. हे आकडे हजारातले. चांदीवर 925 किंवा 800, प्लॅटिनमवर बहुधा 950. आकड्यापुढे 'जी.पी.' असेल तर मुलामा. 'एच.जी.ई.' म्हणजे जाड मुलामा, पण मुलामाच. 'ई.पी.एन.एस.' लिहिलेल्या चमच्यात किंवा ब्रोचमध्ये वरचा चांदीचा मुलामा तेवढा खरा. खालच्या धातूचं नाव निकेल सिल्व्हर. नावात सिल्व्हर आहे, धातूत नाही. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू.

'1/20 12 के जी.एफ.' (जी.एफ. म्हणजे गोल्ड फिल्ड, हलक्या धातूवर दाबून बसवलेला सोन्याचा पत्रा) असा शिक्का दिसला की लोक एकतर हुरळतात नाहीतर फेकून देतात. दोन्ही चूक. हिशेब सोपा आहे: वजनाचा विसावा भाग 12 कॅरेट सोनं. 100 ग्रॅम असा माल म्हणजे 5 ग्रॅम 12 कॅरेट, म्हणजे अडीच ग्रॅम शुद्ध सोनं, तेही झीज धरली नाही तर. वेगळ्या डब्यात साठवावा असा माल आहे.

साध्या मुलाम्याचं काय? एका अंगठीचा पृष्ठभाग 5 चौरस सेंटिमीटर आणि मुलामा अर्धा मायक्रॉन जाड धरला तर सोनं भरतं 5 मिलिग्रॅमच्या आसपास. अशा दोनशे अंगठ्या आटवा, एक ग्रॅम निघेल. मुलाम्याची पोती विकत घेणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पायरी दुसरी: चुंबक आणि दाबून बघणं

चुंबकाला चिकटलं तर खोटं, हे बरोबर. चिकटलं नाही तर खरं, हे नाही. पितळ, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम यांतलं काहीच चिकटत नाही. उलट अस्सल सोन्याच्या साखळीचा हूक चुंबकाकडे ओढला जाईल, कारण आतली बारीक स्प्रिंग पोलादाची असते. ती खोटेपणाची खूण समजू नका. वजनातून वजा करायची वस्तू आहे ती.

पोकळ दागिना बोटांत हलकेच दाबा, कानाशी हलवा. लाख भरलेली असेल तर जड आणि मुका लागतो, नुसता पोकळ असेल तर पत्रा किंचित दबतो. पत्र्याला चीर असेल तर आत पाणी आणि मळ गेलेला असतो, तोही वजनात मोजला जातोय.

पायरी तिसरी: पाण्यातलं वजन

ही चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण दागिन्याला ओरखडा पडत नाही आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर करता येते. पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. काटा आता जे ग्रॅम दाखवतो तितके घनसेंटिमीटर दागिन्याचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागा.

समजा अंगठी कोरडी 8.86 ग्रॅम भरली आणि पाण्यात काट्याने 0.50 दाखवलं. भागाकार 17.72. बावीस कॅरेट सोन्याची घनता 17.7-17.8 च्या आसपास असते, म्हणजे गोष्ट जुळली. पिवळ्या 18 कॅरेटची साधारण 15.2 ते 15.9, 14 कॅरेटची 13 च्या आगेमागे. शुद्ध सोनं 19.3, चांदी 10.5, शिसं 11.3, पितळ साडेआठच्या आसपास.

आता हिच्या मर्यादा. दोन ग्रॅमची कानातली घ्या: पाण्यात काटा 0.11 दाखवेल, आणि शेवटच्या आकड्यात एकाची चूक झाली तरी उत्तर नऊ टक्क्यांनी सरकेल. चार-पाच ग्रॅमच्या खाली ही चाचणी करून उपयोग नाही. पोकळ, लाखेच्या, खडे जडवलेल्या दागिन्यांनाही ती लागू नाही. आणि टंगस्टनची घनता 19.25 असल्याने, शुद्ध म्हणून आणलेल्या जाड तुकड्याच्या पोटात टंगस्टन असेल तर पाण्याला ते कळत नाही. तिथे कानसच लागते.

पायरी चौथी: कस

इथून पुढे दागिन्याला इजा होते. म्हणून आधी मालकाला सांगा, नंतर हात लावा. "इथे आतल्या बाजूला कानशीने बारीक खाच पाडतो, चालेल ना?" एवढं वाक्य पुरतं. नाही म्हणाले तर दागिना परत द्यायचा. कपाळाला आठी घालायची नाही.

कसोटीच्या दगडावर नुसता वरवर घासला तर तुम्ही मुलाम्याचा कस बघताय. खाच पाडा, खाचेतला धातू दगडावर ओढा, ठसठशीत रेघ उमटू द्या. शेजारी माहीत असलेल्या कसाची सुई ओढा. दोन्ही रेघांवरून आडवा ॲसिडचा थेंब फिरवा आणि बघत राहा. रेघ लगेच विरली तर कस त्या बाटलीपेक्षा खाली. दोन्ही रेघा सारख्याच वेगाने फिकट झाल्या तर कस जवळपास तोच. डोळ्याला ही तुलना जमायला वेळ लागतो. पहिले काही आठवडे फक्त माहीत असलेल्या तुकड्यांवर हात बसवा. खाचेत थेट थेंब टाकला आणि हिरवा फेस आला, तर आत तांबं किंवा पितळ.

साखळीला एकाच जागी कस लावून थांबू नका. हूक वेगळा, साखळी वेगळी, पदक वेगळं. डागडुजी झालेल्या जागेवर करडा, मऊ धब्बा दिसला तर तो शिशाच्या डाखाचा असू शकतो. तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवा: थोडं शिसंही मुशीत गेलं तर सगळा रवा, म्हणजे आटवून झालेला गोळा, ठिसूळ होतो.

पायरी पाचवी: वजाबाकी आणि भाव

खडे सोन्याच्या भावात मोजायचे नाहीत, पण फुकट समजून तोडूनही टाकायचे नाहीत. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे, पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. सोन्याच्या कॅरेटशी त्याचा संबंध नाही, आणि टेबलावर निम्मे गैरसमज इथेच होतात. खड्यांची पारख नसेल तर ते काढून मालकाला परत द्या. हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही.

एक साखळी घेऊ: शिक्का 585, कसही जुळला, वजन 12.40 ग्रॅम, हुकातली स्प्रिंग आणि एक पितळी कडी मिळून 0.30. उरले 12.10. गुणिले 0.585, शुद्ध सोनं 7.08 ग्रॅम. शुद्ध सोन्याचा त्या दिवशीचा भाव ग्रॅमला 100 धरला तर ही साखळी 708 ची. आटवताना दोन टक्के घट धरा, राहिलं 6.94. शुद्ध करून देणाऱ्याने आणखी दोन टक्के कापले असं धरा, हातात आले 680. तुमचा खर्च, तुमचा वेळ आणि माल विकेपर्यंत भाव पडला तर त्याचा धोका, या सगळ्यासाठी 71 ठेवले तर देता येतात 609. शंभराला 86. तुमचे आकडे वेगळे येतील, पण रीत हीच. आणि हा हिशेब कागदावर मालकासमोर मांडा. ज्याने वजाबाकी स्वतः बघितली तो घासाघीस कमी करतो.

वजनाचं एकक एकच ठेवा. सोन्याचा औंस 31.1 ग्रॅमचा, किराणा मालाचा 28.35 चा. पेनीवेट, म्हणजे सोन्याच्या औंसाचा विसावा भाग, 1.555 ग्रॅमचं. माल पेनीवेटमध्ये तोलून भाव ग्रॅमचा लावला तर विकणाऱ्याचे शंभरातले 36 जातात. ही चूक नेहमी एकाच बाजूला होते, यावरून काय ते समजा.

आटवायचं नाही असं काय

घडवणाऱ्याची किंवा पेढीची खूण असलेला तुकडा, मीनाकाम शाबूत असलेलं काही, हाताने पैलू पाडलेले जुने खडे, पूर्ण जोड, नाणं बसवलेलं पदक, जेट. हे सगळं आधी बाजूला. धातूच्या भावाने घेतलं तरी विकणाऱ्याला तसं सांगा: "हे मोडीपेक्षा जास्त किमतीचं असू शकतं, एकदा जाणकाराला दाखवा." माझा नियम असा की मोडीचा माल महिनाभर मुशीत जात नाही. बऱ्याच देशांत कायदाच ठरावीक दिवस थांबायला लावतो, चोरीचा माल शोधता यावा म्हणून. विकणाऱ्याची ओळखपत्रासह नोंद, मालाचा फोटो, पावती, परवाना यांचे तुमच्याकडचे नियम पहिल्या खरेदीआधी वाचून घ्या. भावाची चर्चा न करता, ओळखपत्र न देता रोख मागणाऱ्याकडून काही घेऊ नका.

टेबलापलीकडचा माणूस

एकदा एक बाई लॉकेट घेऊन आल्या. पातळ पत्रा, 9 कॅरेट, काच तडकलेली. मी तोललं, कस लावला, आकडा सांगितला. त्या गप्प. मग म्हणाल्या, "बस्स एवढंच?" मी पुन्हा हिशेब समजावायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की त्यांनी हिशेब मागितलाच नव्हता. आतल्या फोटोच्या माणसाची किंमत मी ग्रॅममध्ये सांगतोय असं त्यांना वाटलं होतं.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी लॉकेट उघडून आतला फोटो, केस, चिठ्ठी काढून मालकाच्या हातात देतो. कोरलेलं नाव असेल तर त्याचा फोटो काढून घ्यायला सांगतो. मग तोलतो. आकडा तोच राहतो, पण ऐकणाऱ्याला तो आता धातूचा वाटतो. 'खोटं' हा शब्दही मी टाकला. 'मुलाम्याचं आहे' म्हणतो. आयुष्यभर खरं समजून घातलेलं, किंवा कुणी खरं म्हणून दिलेलं, ते खोटं होतं असं एका अनोळखी माणसाने सांगायचं, यात चाचणीपलीकडचं बरंच काही तुटतं. का विकताय, हे मात्र कधी विचारत नाही. घटस्फोट, कर्ज, भावंडांतली वाटणी. सांगायचं असेल तर लोक आपणहून सांगतात. डोळे भरलेले दिसले तर त्या दिवशी खरेदी करत नाही, दुसऱ्या दिवशी यायला सांगतो. काही येत नाहीत. तो सौदा गेला.

पायरी शेवटची: आटवणं

घरी आटवायची खुमखुमी असेल तर दोन गोष्टी जाणून घ्या. सोनं 1064 अंशांना वितळतं, चांदी 962 ला, आणि जुन्या डाखांत कॅडमियम असू शकतं. त्याचा धूर फुप्फुसांचा घात करतो. धूर ओढून नेणारी सोय नसेल तर हे काम शुद्ध करणाऱ्यांकडेच द्या. आटवलं तर मूस स्वच्छ, वर टाकणखार, आणि कसवारी: 9, 14, 18, 22 वेगवेगळे. सगळं एकत्र ओतलं की कोणत्या डब्यात चूक होती ते कधीच कळत नाही.

रवा पाठवण्याआधी वहीत तुमचा अंदाज लिहा: किती वजन, किती कस. निकाल आला की शेजारी तो लिहा. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत 14 कॅरेटच्या रकान्यात अंदाज जवळजवळ दर वेळी चढा आहे. शोधलं तेव्हा कारण सापडलं: हुकातल्या स्प्रिंगा मी वजा करायचो, पण साखळ्यांच्या कड्या-कड्यांमधला डाख धरतच नव्हतो. बारीक साखळीत जोड शेकड्यांनी असतात.